कावडीतले पाणी



वाचक माऊली, २०२५ च्या आषाढी एकादशीला आमच्या कुडाळातल्या एका देवळात मी बऱ्याच वर्षांनी टाळकऱ्यांपुढे उभा राहिलो. गळा बसल्यापासून कीर्तनाची सेवा थांबवली आहे. पण ज्यांना पंढरीला जाणे जमले नाही अशी म्हातारीकोतारी मंडळी जमली होती आणि ‘बुवा, अर्धा तास तरी बोला’ असा आग्रह झाला. बोललो. विषय जुनाच, पन्नास वर्षे सांगत आलेला. जे घडते ते मोडते. मडके फुटते, वाडा पडतो, राज्ये जातात, देह जातो. माणसाने केलेली एकही वस्तू काळाच्या दाढेतून सुटलेली नाही, तेव्हा जे कुणी केले नाही, जे आपले आपण आहे, त्याला धरा. माना डोलल्या. बुक्का लागला, प्रसाद झाला, घरी आलो.

नात वऱ्याचे तांदूळ वाढत होती. ती इथेच कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, “आजोबा, तुम्ही आज एक चूक सांगितलीत.”

मी म्हटले, “कुठली गो बाय?”

“माणसाने केलेली प्रत्येक वस्तू नासते म्हणालात. एक नासत नाही.”

मला वाटले प्लास्टिक म्हणत असेल. ती म्हणाली, प्लास्टिक निदान डोळ्यांना दिसते. हे दिसत नाही. याला वास नाही, चव नाही, रंग नाही. पाण्यात असले तर पाणी तसेच निर्मळ दिसते. तुरटी फिरवा, क्लोरिन टाका, उकळा, काही होत नाही. उलट उकळून पाणी आटले की ते उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते.

त्या रात्री तिने मला जे समजावले ते, आणि त्यानंतर वर्तमानपत्रांतून मी जे गोळा केले ते, आधी तुमच्यापुढे ठेवतो. मग माझी अडचण सांगतो. अडचण शास्त्राची आहे, आणि थोडी माझ्या परसदाराचीही.

या द्रव्यांना पीएफएएस म्हणतात, बोलताना पीफास. एक द्रव्य नव्हे, हजारो द्रव्यांचे कूळ आहे. कार्बन आणि फ्लोरिन या दोन मूलद्रव्यांचा सांधा रसायनशास्त्रातल्या सर्वांत घट्ट सांध्यांपैकी एक. तो उन्हाने सुटत नाही, पावसाने सुटत नाही, मातीतल्या जंतूंना पचत नाही. म्हणून त्या कुळाला इंग्रजीत ‘कायमची रसायने’ असे नाव पडले. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला त्यातला टेफ्लॉन अपघातानेच सापडला. पाणी चिकटत नाही, तेल चिकटत नाही, आगीला लवकर बधत नाही. मग तव्याला लावा, रेनकोटाला लावा, गालिच्याला लावा, आग विझवायच्या फेसात घाला, तेलकट खाणे गुंडाळायच्या कागदाला लावा. सोय झाली, नाही कोण म्हणतो? आमच्या लहानपणी वारीत पाऊस लागला की घोंगडी, आणि इकडे कोकणात शेतात इरले. इरले दोन पावसाळ्यांत कुजायचे. कुजायचे म्हणून दर वर्षी नवे विणावे लागायचे, आणि त्याबद्दल आमच्या आया कुरकुरत असत. त्या कुरकुरीत केवढे पुण्य होते ते आता कळते.

आमच्या घरातही असा एक तवा आहे. सुनेने आणला, कारण बिडाच्या तव्यावर घावणे चिकटतात. नव्या तव्यावर घावणा नुसता सरकतो. मी ते घावणे मिटक्या मारीत खाल्ले आहेत. नात म्हणते, आजोबा, तव्यापेक्षा तो जिथे घडला तिथल्या पाण्याचा विचार करा. टेफ्लॉन बनवताना अनेक वर्षे पीएफओए नावाचे द्रव्य वापरत. ते अमेरिकेत पार्कर्सबर्ग गावाजवळच्या कारखान्यातून ओहायो नदीत आणि आसपासच्या जमिनीत गेले. कंपनीने १९८४ साली आजूबाजूच्या गावांतून नळाचे पाणी भरून आणून गुपचूप तपासले होते आणि त्यात ते सापडले होते. गावाला सांगितले नाही. पुढे एका शेतकऱ्याची गुरे मरू लागली, रॉबर्ट बिलॉट नावाच्या वकिलाने कागद बाहेर काढले, आणि सुमारे ६९ हजार लोकांचे रक्त तपासले गेले. शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत सहा विकारांशी त्याचा संबंध संभवतो असे ठरवले. त्यात मूत्रपिंडाचा कर्करोग आहे, थायरॉईडचा विकार आहे, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आहे. २०२३ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याला मर्यादा घातली ती अशी: एक लाख कोटी भागांत चार भाग. म्हणजे एक लाख कोटी थेंब पाण्यात चार थेंब. आमच्या पोथ्यांत अणुरेणूंच्या गोष्टी आहेत, पण इतक्या बारीक विषाची कल्पना एकाही आचार्याने केली नव्हती.

आता इटलीकडे चला, कारण तिथून रस्ता कोकणात येतो.

उत्तर इटलीत व्हिचेंझा जिल्ह्यात त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तिथे १९६० च्या दशकापासून एक कारखाना होता, पुढे त्याचे नाव मितेनी झाले. त्याच्या खाली भूजलाचा मोठा साठा. २०१३ साली कळले की या कारखान्याची द्रव्ये त्या भूजलात उतरली आहेत आणि व्हिचेंझा, व्हेरोना, पादोव्हा या तीन जिल्ह्यांतल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला त्यांचा संसर्ग झाला आहे. पाणी नळाला येत होते, स्वच्छ दिसत होते, आया त्यात बाळांचे दूध कालवत होत्या. मुलांचे रक्त तपासले तेव्हा आकडे हातात आले. ही द्रव्ये नाळेतून गर्भात जातात, अंगावरच्या दुधातूनही जातात. त्या आयांनी संघटना काढली, नाव ठेवले ‘मम्मे नो पीफास’. आया म्हणतात पीफास नको, एवढाच त्याचा अर्थ. वर्षानुवर्षे त्या न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या. २६ जून २०२५ रोजी व्हिचेंझाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी धरले आणि सगळ्यांची शिक्षा मिळून १४१ वर्षे झाली. आपल्या आषाढीच्या दहाच दिवस आधीची ही गोष्ट. वारकरी पुण्याहून पुढे सरकले होते तेव्हा तिकडे त्या बाया निकाल ऐकत उभ्या होत्या.

मितेनीचे २०१८ साली दिवाळे निघाले होते. दिवाळे निघाले की लिलाव होतो. २०१९ च्या लिलावात तिथली यंत्रे आणि कृतीची कागदपत्रे आपल्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीने आपल्या एका उपकंपनीमार्फत घेतली, आणि ती यंत्रे समुद्र ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. ज्या भूमीला आपण परशुरामाने समुद्र मागे सारून मिळवलेली भूमी म्हणतो, त्याच परशुरामाच्या नावाची ही वसाहत. खालच्या अंगाला जगबुडी आणि वाशिष्ठी या नद्या दाभोळच्या खाडीला मिळतात. त्या खाडीत मासे मरून वर येतात ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार या यंत्रांच्या कितीतरी आधीपासूनची, अनेक वर्षांची आहे.

मी त्या कारखान्याला दोषी ठरवत नाही. तिथून काही सांडले असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही, आणि नसलेल्या पापाचा आळ घेणे हेही पापच. शिवाय त्या वसाहतीत आमच्या कोकणातली मुले कामाला आहेत. पूर्वी तीच मुले गिरणीत मरायला मुंबईला जात. मी खेड-चिपळूणकडे कीर्तनांना जात असे तेव्हा सप्ताहाची वर्गणी देणारे निम्मे लोक तिथल्या पगारावर जगणारे होते. त्यांच्या घरची भाकरी मी खाल्ली आहे. तेव्हा कारखाने बंद करा अशी आरोळी ठोकणे मला शोभणार नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एका गावाने रडून, भांडून, रक्त तपासून ज्या यंत्रांना नको म्हटले, ती यंत्रे भंगारात गेली नाहीत. त्यांना गिऱ्हाईक मिळाले. ती आमच्याकडे आली तेव्हा, ती कुठून आली आणि तिकडे काय घडले, हे गावात दवंडी देऊन सांगायला हवे होते. सोयरीक जुळवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. इथे सून घरात आली, आणि तिच्या माहेरची हकिकत शेजाऱ्याला परदेशी वर्तमानपत्रातून कळली.

आता माझी शास्त्राची अडचण.

आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत, जोगमहाराजांनी १९१७ साली काढलेल्या त्या घरात, मी चार वर्षे होतो. तेव्हा आम्ही विद्यार्थी इंद्रायणीत बुडी मारून तेच पाणी ओंजळीने पीत असू. आज त्या पात्रावर पांढरा फेस तरंगतो हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. पुढे मी एका शास्त्रीबुवांकडे तर्कसंग्रह शिकलो. त्यात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. मडके घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो अनादि, पण मडके घडताच संपणारा. आणि मडके फुटल्यावर जो अभाव सुरू होतो त्याला आरंभ आहे, शेवट नाही. फुटलेले तेच मडके पुन्हा कधी नसलेले नसते होत नाही. शास्त्री विचारायचे, ‘सांगा रे, ज्याला आरंभ आहे आणि अंत नाही असे जगात काय?’ आम्ही एका सुरात ओरडायचो, ‘नाश!’ घडवलेल्या वस्तूला आरंभ असतो म्हणून अंतही असतोच. ईश्वराला आरंभ नाही, अंतही नाही. आरंभ आहे आणि अंत नाही असा एकटा नाशच.

नातीला हे सांगितले. ती हसली. म्हणाली, “अगदी अनंत नाही हं आजोबा. फार मोठ्या उष्णतेत ती द्रव्ये मोडता येतात. पण नदीत, मातीत, बावीत ती आपणहून मोडायला किती पिढ्या लागतील ते आपल्या हिशेबात बसत नाही. माणसाच्या रक्तातली काही द्रव्ये निम्मी व्हायलाच वर्षे लागतात.”

मोठा भट्टीचा जाळ सोडला तर, माणसाच्या आयुष्याच्या मापाने ती सादि आणि अनंत. म्हणजे माणसाने वस्तू म्हणून जे घडवले, ते तर्कशास्त्राच्या यादीत नाशाच्या रकान्यात जाऊन बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझा असा समज होता की नश्वरतेचे ज्ञान माणसाला सावध करते. आता शंका येते की त्याने आपल्याला थोडे बेफिकीरही केले. सगळे मातीला मिळते, मग टाक नदीत. पान, फूल, राख, अस्थी, निर्माल्य, सगळे आपण नदीला दिले आणि नदीने ते पचवले. नदी आई आहे, पोटात घालते, हे आपण हजारदा म्हटले. जिच्यावर भरवसा ठेवला तिला न पचणारे खाऊ घालायला लागलो तेव्हाही आपला भरवसा तसाच राहिला. गंगेच्या खोऱ्यातल्या नदीच्या आणि जमिनीखालच्या पाण्यातही ही द्रव्ये आढळल्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आणि २०२२ साली स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की आता ती पावसातही आहेत. तिबेटच्या पावसात आहेत, अंटार्क्टिकाच्या बर्फात आहेत. आम्ही कोकणातली माणसे पावसाच्या जिवावर जगतो. मृगाचा पहिला पाऊस आला की अजूनही कुणी म्हातारी परातीत धरून तोंडावर मारून घेते. आकाशातून पडलेले पाणी भुईला लागेपर्यंत शुद्ध, हा आमचा शेवटचा आधार होता.

माझे एक कीर्तनकार मित्र आहेत, वयाने माझ्याहून वडील. त्यांच्याशी हे बोललो. ते म्हणाले, “अरे, काळजी कसली करतोस? ज्याचे त्याचे प्रारब्ध. ज्याच्या नशिबात रोग आहे त्याला अमृत पाजले तरी तो होणार.”

वाचकहो, हे उत्तर मी स्वतः दिलेले आहे. ऐन तारुण्यात मुलगा गेलेल्या घरी, लहान लेकरू गेलेल्या घरी, मी ताटावरून उठून हेच सांगितले आहे, आणि लोकांनी माझे पाय धरले आहेत. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. प्रारब्ध हा शब्द खोटा नाही. पण तो ज्याचे त्याने स्वतःविषयी उच्चारायचा शब्द आहे. माझा पाय मोडला तर मी म्हणावे प्रारब्ध, आणि नामस्मरणात दिवस काढावेत. तुमचा पाय मी मोडला असेल तर मी प्रारब्ध म्हणू शकत नाही. त्रिस्सिनोच्या बाळाने कुठले कर्म केले होते हे ठरवायला मी कोण? ज्याने नमुना तपासून कपाटात ठेवला त्याचे कर्म मात्र तारखेनिशी कागदावर आहे. कर्माचा सिद्धांत कर्त्याला बांधण्यासाठी सांगितला, आपण तो भोगणाऱ्याच्या गळ्यात अडकवला.

मित्र म्हणाले, “म्हणजे कर्त्यालाच फळ मिळते ना? मिळाली की अकरा जणांना शिक्षा.”

मिळाली. शिक्षा झाली, पाण्याचे काय? प्रायश्चित्ताचे आमचे शास्त्र असे आहे की चूक कबूल करावी, पश्चात्ताप व्हावा, पुन्हा करू नये आणि बिघडवले ते नीट करून द्यावे. चोरलेली गाय परत करता येते. मोडलेला बांध घालून देता येतो. त्रिस्सिनोच्या लोकांसाठी जलशुद्धीकेंद्रांवर कोळशाच्या गाळण्या बसवल्या, दुरून स्वच्छ पाण्याच्या वाहिन्या आणल्या, नळाचे पाणी सुधारले. जमिनीखालचे पाणी आहे तिथेच आहे. जे परत घेता येत नाही ते कुणाच्या अंगणात सोडण्याचा अधिकार कुणाला असतो का, असा हा प्रश्न आहे. धर्मशास्त्रात त्याला सरळ कलम सापडत नाही, कारण इतके न परतणारे काही आपल्या हाती पूर्वी आलेच नव्हते. प्राण घेणे तेवढे एक होते, आणि तिथे शास्त्र किती कडक आहे ते तुम्ही जाणता.

आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचे जे मानक आहे, आयएस १०५०० नावाचे, २०१२ चे, त्याच्या यादीत ही द्रव्ये नाहीत. यादीत नाही म्हणून नेहमीच्या तपासणीत कुणी ती शोधत नाही. शोधत नाही म्हणून अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का बसतो. शिक्का मारणाऱ्याचा दोष नाही. पण पार्कर्सबर्गची माणसे नमुना कपाटात लपवून गप्प बसली आणि आपण नमुनाच न घेता गप्प बसलो, यात मला जवळचे नाते दिसते.

इथवर दुसऱ्यांचे झाले. आता परसदाराचे.

हे सगळे कळल्यावर धाकट्या मुलाने मुंबईहून पाणी शुद्ध करायचे यंत्र पाठवले. आरओ म्हणतात ते. नात म्हणाली होती की कोळशाची गाळणी किंवा आरओ यांनी ही द्रव्ये बरीचशी अडतात. कुडाळच्या नळाला ती आहेत असे काही कुणी म्हटले नव्हते. लोटे इथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर. पण बापाची काळजी म्हणून त्याने पाठवले, आणि मी बसवून घेतले. खरे सांगायचे तर मला भीती वाटली होती. पंचाहत्तरी उलटलेला, देह नश्वर म्हणून जन्मभर ओरडलेला माणूस, आणि नळाच्या पाण्याला भ्यालो.

त्या यंत्राला दोन नळ्या असतात. एकीतून शुद्ध पाणी आपल्या भांड्यात येते. दुसरीतून, जे जे नको ते सगळे घेऊन, उरलेले पाणी बाहेर जाते. बसवणाऱ्याने ती नळी खिडकीतून मागे सोडली. मागे आमची दोन केळी, मग गडगा, आणि गडग्यापलीकडे शेजारणीची बाव. पहिल्या दिवशी मी पेलाभर पाणी विठ्ठलाला दाखवून प्यायलो आणि बरे वाटले. आठ दिवसांनी शेजारीण गडग्याशी येऊन उभी राहिली. विधवा बाई, लोकांकडे कामे करून राहते, माझ्या प्रत्येक कीर्तनाला पुढे बसलेली.

म्हणाली, “बुवानू, तुमच्या नळयेचा पाणी आमच्या बावीच्या अंगान येता. ता खराब आसा काय?”

मी म्हटले, “नाही गो, पाणीच आहे ते.”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे. “खराब नाय, तर मगे तुमीच कित्याक पियत नाय?”

एकनाथांच्या कावडीचे आख्यान मी किती वेळा लावले असेल त्याची गणती नाही. उत्तरेतून गंगेचे पाणी खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वराला निघालेले, वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडते आहे, आणि नाथ देवासाठी आणलेली कावड त्याच्या तोंडात रिकामी करतात. बरोबरचे लोक हळहळतात, एवढ्या लांबून आणलेले पवित्र पाणी! या जागी मी थांबायचो, मृदंग एक बारीक परण घ्यायचा, आणि देवळातल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. त्यात शेजारीणही असायची. देवासाठी राखलेले, सर्वांत शुद्ध, ते नाथांनी गाढवाला दिले. मी शुद्ध ते स्वतःला ठेवले आणि उरलेले तिच्या बावीकडे सोडले. लिलावातल्या यंत्रांवर मी केवढा बोललो होतो! तेच मी अर्ध्या इंचाच्या नळीने केले होते, आणि तिने विचारल्यावर उत्तरही तेच दिले होते: पाणीच आहे ते.

नळी काढली. मग प्रश्न आला की आता सोडायची कुठे. गटारात सोडली तर गटार ओढ्याला, ओढा भंगसाळीला, भंगसाळ कर्लीला, कर्ली समुद्राला. केळ्यांत सोडली तर केळफुले आम्हीच खातो. चार दिवस मी अंगणात फिरून ‘बाहेर’ म्हणून काही जागा सापडते का ते पाहिले. शेवटी त्या नळीखाली बादली ठेवली. आता बादलीतले पाणी लादी पुसायला वापरतो, आणि लादी पुसलेले पाणीही कुठेतरी जातेच. नातीला विचारले तर ती म्हणाली, “इथे निदान क्षारच असतील आजोबा, एवढे मनाला लावून घेऊ नका.” पुढे ग्रामसभेत आणि नगरपंचायतीत ही मुले पाण्याची नीट तपासणी मागणार आहेत, माझी सही हवी म्हणाली. सही केली. सहीखाली ‘ह.भ.प.’ लिहू नकोस म्हणून सांगितले. तिला कारण कळले नाही.

यंत्र सध्या बंद आहे. मुलगा रागावला. शेजारणीच्या बावीचे पाणी गोड आहे, तेच एक कळशी ती मला रोज आणून देते. पैसे घेत नाही. मी पितो.

पुढच्या एकादशीला पुन्हा आग्रह झाला आहे, आणि मंडळींना नाथांचे तेच आख्यान हवे आहे. वाळू, ऊन, गाढवाच्या कोरड्या जिभेचे वर्णन, सगळे पाठ आहे. गळाही थोडा सुधारला आहे. फक्त कावडीतल्या पाण्याचे वर्णन येते तिथे अडतो. जुना शब्द ‘निर्मळ’ ओठांवर येतो, आणि पुढच्या रांगेत ती बसलेली असणार हे आठवून मी तालीम थांबवतो.